एक पुडी, आज्ज्यासाठी

"काका, तंबाखूची एक पुडी, अन् चुना. आज्ज्यानं सांगितलंय." कर्नाटकातल्या निपाणीकडच्या आमच्या गावात आठ-नऊ वर्षांचा असताना हे मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. दुकानदारानं कधी हरकत घेतली नाही. घेणार तरी कशी? आज्जा खराच होता, पुडीही त्याच्यासाठीच होती. एकदा मात्र वाटेत ती फोडून चिमूटभर ओठात धरली आणि गरगरून मारुतीच्या पारावर बसलो.

ती गरगर निकोटिनची. आमच्याकडे तंबाखूच्या खुडणीला जाणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. पान ओलं असलं की त्यातलं निकोटिन हाताच्या कातडीतूनही अंगात जातं आणि मळमळायला लागतं. तळहातावर चुना घालून तंबाखू मळण्यामागेही रसायनशास्त्रच आहे. आम्लाच्या सान्निध्यात निकोटिनच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि भारित रेणू तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज जात नाही. चुना अल्कधर्मी. तो भार काढून घेतो, निकोटिन मोकळं होतं आणि गालातून रक्तात शिरतं. विडी-सिगारेटच्या धुरातून तर ते फुप्फुसांमार्गे दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं.

मेंदूत ते अ‍ॅसिटिलकोलीन या नैसर्गिक निरोप्याच्या जागा बळकावतं आणि डोपामिन, म्हणजे बरं वाटायला लावणारं रसायन, सुटतं. पुन्हा पुन्हा निकोटिन मिळालं की या जागांची संख्या वाढते आणि त्या रिकाम्या राहिल्या की माणूस कासावीस होतो. सोळाव्या वर्षी हे सगळं जास्त घट्ट बसतं. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे 'थांब, जरा विचार कर' म्हणणारा भाग, साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो. पंधरा वर्षांच्या पोरात ब्रेक अजून बसवायचा आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर मात्र चालू झालाय.

२०१९ मध्ये भारतात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली. त्यात ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती. मला जास्त बोचलेला आकडा वेगळाच. धूरविरहित तंबाखू कधी ना कधी वापरलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच चाखली होती. पारावर बसलेला मी त्यांच्यातलाच.

केंद्राच्या २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. कर्नाटकानं आपल्यापुरती दुरुस्ती केली, तिला मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि वयाची अट २१ झाली. शाळा-कॉलेजपासून १०० मीटरच्या आत विक्री नाही, सुटी सिगारेटही विकायची नाही. दंड हजार रुपयांपर्यंत. पूर्वी तो दोनशेच होता.

अठरा आणि एकवीस यांत असा काय फरक? बारावीतला पोरगा अठराचा झाला की नववीतल्या पोरांचा तोच पुरवठादार होतो. एकाच मैदानावर खेळतात, एकाच बसनं येतात. एकवीसचा माणूस त्या घोळक्यात सहसा नसतो. म्हणजे अट एकवीसची असली तरी खरा फायदा पंधरा-सतराच्या पोरांना.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या नीडम गावानं २००५ मध्ये हेच केलं, शेजारची गावं अठरावरच राहिली. पोरं पलीकडे जाऊन आणतील, असंच कुणालाही वाटलं असतं. पण २००६ ते २०१० या काळात नीडमच्या शाळांत महिनाभरात सिगारेट ओढलेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ७ वर आलं, शेजारी १५ वरून १२ वर. कुंपण गळकं होतं, तरी उपयोग झाला.

आम्हा सीमाभागातल्यांना यात जास्त रस, कारण कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला गेलं की अट पुन्हा अठराची. पण पंधरा वर्षांचं पोरगं रोज एका सिगारेटसाठी हायवेनं राज्य ओलांडत नाही. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जातं, आणि तिथं सुटी मिळते का यावर बरंच अवलंबून असतं. अख्खं पाकीट घ्यायला खिशात पैसे नसतात, एकीपुरते असतात. शिवाय पाकिटावरचं ते ८५ टक्के जागा व्यापणारं भीतिदायक चित्र सुट्या सिगारेटीबरोबर येत नाही.

आज्ज्याच्या पुडीचं काय? कायदा पुडी कुणासाठी हे बघत नाही, हात कुणाचा पुढे आला ते बघतो. बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम तर मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. पण गावात आज्ज्याच्या नावानं आलेल्या पोराला परत पाठवणं म्हणजे आज्ज्याशीच वाकडं घेणं. ते दुकानदारानं एकट्यानं का घ्यावं? पाय दुखत असले तरी आज्ज्यानं स्वतः चार पावलं टाकली, तर निम्मा प्रश्न उंबऱ्याच्या आतच सुटतो.