बेघर कुटुंबांतील मुलांची आधारव्यवस्था

बेघर कुटुंबांतील मुलांची आधारव्यवस्था : आईवडिलांसह पदपथावर, उड्डाणपुलाखाली, फलाटावर किंवा मोकळ्या जागेत राहणाऱ्या मुलांच्या निवारा, शिक्षण, आहार व संरक्षणाची तजवीज. ही मुले अनाथ नसतात, घरातून पळून आलेलीही नसतात. सरकारी कागदांत मात्र त्यांना बहुधा त्याच रांगेत बसवले जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरापुरती आहे.

जनगणनेच्या व्याख्येनुसार रस्त्याकडेला, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, जिन्याखाली, पुलाखाली किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे कुटुंब बेघर ठरते. त्यांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११ रोजी रात्री झाली. दिवसा ही माणसे पोटापाण्यासाठी पांगलेली असतात, तेव्हा वेळ योग्यच होती. देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर नोंदवले गेले.

मुंबईत १९८१ मध्ये पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला; नोटीस देऊन हटवण्याची मुभा मात्र पालिकेला राहिली. मुलांच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक नाही. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा भांडी आणि अंथरुणाच्या बोचक्यांबरोबर दप्तरही उचलले जाते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला जन्मदाखलाही. दप्तर नवे मिळते. दाखल्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात, आणि तेवढ्यासाठी आईची मजुरी बुडते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार घर किंवा ठरावीक निवासस्थान आणि उपजीविकेचे उघड साधन नसलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असते. अशा मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करता येते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असेही हाच कायदा सांगतो. तरी पुलाखालच्या आईला सरकारी गाडी दिसली की मूल नेतील हीच धास्ती वाटते. त्यामुळे मदतीला आलेल्या माणसापासूनही मुले लपवली जातात. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन मुलांच्या तोंडी ‘दस नौ आठ’ म्हणून रुळली, त्याचे एक कारण उघड आहे : तिथे फोन मूल स्वतः करू शकते.

निवाऱ्याची बाजू सर्वांत लंगडी आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानुसार शहरात दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची, बारमाही व चोवीस तास उघडी सोय हवी होती, माणशी ५० चौरस फूट जागेसह. पुरुष, स्त्रिया आणि कुटुंबे यांच्यासाठी वेगवेगळे निवारे त्यात अभिप्रेत होते. कुटुंब निवारा नसला की बाप एकीकडे, आई दुसरीकडे, आणि मिसरूड फुटू लागलेला मुलगा नेमका कुठे, असा पेच पडतो. अशा वेळी पुलाखाली एकत्र राहिलेले बरे, हा कुटुंबाचा निर्णय अडाणीपणाचा म्हणता येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; मोठ्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. अडचण प्रवेशापेक्षा टिकण्याची असते. सिग्नलवर गजरे, पेन, खेळणी विकण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. शिवाय आंघोळीवाचून वर्गात बसलेल्या मुलाशेजारचा बाक रिकामा होतो.

ठाण्यातील तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सुरू झालेली सिग्नल शाळा इथून सुरुवात करते. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था व ठाणे महानगरपालिका यांनी मालवाहू कंटेनरांत वर्ग भरवले. विद्यार्थी बरेचसे दुष्काळी मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतले. आधी आंघोळ, मग गणवेश आणि खाणे, त्यानंतर धडे, हा क्रम दिसायला साधा असला तरी नेहमीच्या शाळेत तो कोणाच्याच कामात मोडत नाही. इथून मुले दहावीही झाली. वर्ग कुटुंबापासून चार पावलांवर असल्याने आईवडील आणि शाळा यांतून एकाची निवड मुलाला करावी लागत नाही. घराचा प्रश्न या शाळेच्या हातातला नाही. शाळा सुटली की मूल त्याच पुलाखाली परतते.