उत्पादनमाहितीचा विनिमय

माल बनवणारे ब्रँड आणि तो ऑनलाइन विकणारे किरकोळ विक्रेते यांच्यातील माहितीची दुहेरी देवाणघेवाण. ब्रँडकडून विक्रेत्याकडे मालाचे नाव, निव्वळ वजन, घटकद्रव्ये, छायाचित्रे व वर्णन जाते. धंद्यात त्याला ‘कॅटलॉग’ किंवा ‘कंटेंट’ म्हणतात. उलट दिशेने विक्री, शिल्लक साठा आणि ग्राहकांनी शोधलेले शब्द यांचे आकडे येतात. पहिल्या प्रवाहाला आंतरराष्ट्रीय प्रमाणके आहेत. दुसरा मुख्यत्वे करारांवर आणि बऱ्याच अंशी विक्रेत्याच्या मर्जीवर चालतो.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो अमेरिकेत १९३०च्या दशकात आर्थर नील्सन यांच्या कंपनीने सुरू केलेल्या दुकान-पाहण्यांपर्यंत मागे नेतात. निवडक दुकानांतील साठा व खरेदीची बिले तपासून ही कंपनी विक्रीचा अंदाज बांधे आणि तो उत्पादकांना विके. माहिती येथे त्रयस्थाच्या हातून येत असल्याने याला पूर्वेतिहास म्हणणेच योग्य. दुसरे मत बारकोडपासून आरंभ करते. नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये पेटंट मिळाले होते, परंतु आज रूढ असलेल्या उभ्या रेघांचा आराखडा आयबीएममधील जॉर्ज लॉरर यांचा. अमेरिकी किराणा उद्योगाने तो १९७३ मध्ये स्वीकारला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचे पाकीट बारकोड वाचणाऱ्या यंत्राखालून गेले. गल्ल्यावर वस्तुवार नोंद होऊ लागली, हे खरे. पण ती नोंद दुकानदारापाशीच राहिली.

तिसरे मत साबण व घरगुती वापराच्या वस्तू बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि अमेरिकी दुकान-साखळी वॉलमार्ट यांच्या सहकार्याला महत्त्व देते. १९८७ मध्ये वॉलमार्टचे सॅम वॉल्टन व प्रॉक्टर अँड गॅम्बलचे लू प्रिचेट एका कनू-सहलीत (कनू म्हणजे वल्ह्याची छोटी होडी) भेटले आणि तेथे या सहकार्याची बीजे पडली, ही हकिगत व्यवस्थापनविषयक लेखनात वारंवार सांगितली जाते. तथापि विक्रीच्या आकड्यांवरून माल परस्पर भरण्याचा प्रयोग प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९८५च्या सुमारासच एका मध्यम आकाराच्या किराणा साखळीबरोबर केला होता, हे ध्यानात घेतले तर सहलीचे श्रेय काहीसे कमी होते. विक्रेत्याने स्वतःचे आकडे पुरवठादारांना नियमितपणे खुले करणे ही कसोटी लावल्यास वॉलमार्टची ‘रिटेल लिंक’ ही संगणक-प्रणाली (१९९१) हा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो. १९९०च्या दशकाच्या मध्यात वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीच्या लिस्टरिन या चूळ भरण्याच्या द्रवाबाबत वॉलमार्टने मागणीचा संयुक्त अंदाज बांधण्याची चाचणी घेतली. हाच वॉलमार्ट २००१ मध्ये आपले आकडे बाहेरच्या संशोधनसंस्थांना देण्याचे थांबवून पुढे दहा वर्षे त्यावर ठाम राहिला, ही बाब या क्षेत्राचा स्वभाव समजण्यास पुरेशी आहे.

मजकुराचा प्रवाह : याचा पाया म्हणजे बारकोडखाली छापलेला क्रमांक, जीटीआयएन (ग्लोबल ट्रेड आयटम नंबर). तेरा अंकी क्रमांकातील शेवटचा अंक तपासणीचा असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेतल्यास त्यांना डावीकडून आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज १३० येते. ती दहाच्या पटीत असल्याने तेरावा अंक ०. आरंभीचे ८९० हे अंक, बारकोडची प्रमाणके ठरवणाऱ्या जीएस-१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातील शाखेचे, जीएस-१ इंडियाचे (स्थापना १९९६) आहेत. ते पाहून माल कोठे बनला हे ओळखता येते, असे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. वस्तुतः क्रमांक कोणत्या देशातील संस्थेकडून घेतला एवढेच त्यांतून कळते.

२००४ पासून कार्यरत असलेल्या जीडीएसएन (ग्लोबल डेटा सिंक्रोनायझेशन नेटवर्क) या माहिती जुळवणाऱ्या जाळ्यात ब्रँड आपली नोंद एका ‘डेटा पूल’मध्ये, म्हणजे सामायिक माहितीसाठ्यात, भरतो. जीटीआयएन, माहिती देणाऱ्याचा स्थान-क्रमांक आणि लक्ष्य बाजारपेठ या तिहींनी नोंद निश्चित होते व जागतिक नोंदवहीत चढते. विक्रेता आपल्या पूलमार्फत वर्गणीदार होतो आणि पुढचे बदल त्याच्याकडे आपोआप पोहोचतात. नोंद स्वीकारली की नाकारली हे तो उलट कळवतो.

अडचण बहुधा क्रमांक कधी बदलायचा यात येते. जीएस-१च्या नियमाप्रमाणे छापील निव्वळ वजन बदलले की नवा जीटीआयएन घ्यावा लागतो. भारतात पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यांची किंमत तीच ठेवून वजन घटवण्याची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर उद्भवतो. नवा क्रमांक म्हणजे संकेतस्थळावर नवे पान, आणि जुने अभिप्राय त्यावर आपोआप येत नाहीत. जुनाच क्रमांक चालवण्याचा मोह ब्रँडला होतो तो यामुळे. मग पानावर एक वजन आणि पुड्यावर दुसरे, अशी स्थिती निर्माण होते.

आकड्यांचा प्रवाह : येथे समान प्रमाणक नाही. ॲमेझॉन नोंदणीकृत ब्रँडांना शोधशब्द, क्लिक व खरेदी यांचे एकत्रित आकडे दाखवते. वॉलमार्टने २०२१ मध्ये ‘ल्युमिनेट’ ही पुरवठादारांना आकडे देणारी सशुल्क सेवा आणली. वादाचा मुद्दा असा की, विक्रेता स्वतःच्या नावाचा मालही विकतो, आणि स्पर्धकाचे आकडे त्याच्यासमोर उघडेच असतात. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशाच कारणावरून, म्हणजे आपल्या संकेतस्थळावरील स्वतंत्र विक्रेत्यांचे आकडे वापरल्यावरून, ॲमेझॉनवर प्राथमिक आक्षेप ठेवले. स्वतंत्र विक्रेत्यांचे अप्रकाशित आकडे आपल्या किरकोळ विक्रीसाठी न वापरण्याची ॲमेझॉनची हमी डिसेंबर २०२२ मध्ये बंधनकारक करण्यात आली. युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल बाजारविषयक कायद्यात ही बंदी मोठ्या मंचांसाठी सर्वसाधारण नियम म्हणून आली आहे.

भारत : वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांतील दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून वेष्टनावरील बहुतेक घोषणा विक्रीच्या पानावरही द्याव्या लागतात, निर्मितीचा महिना व वर्ष मात्र वगळले आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतही मालाचा मूळ देश सांगण्याची अट आहे. आकड्यांबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मधील बाजार-अभ्यासात मंचांनी आपले धोरण स्पष्ट करावे असे सुचवले. ती सूचनाच होती. वेष्टनावरील घोषणांना देवनागरीतील हिंदी किंवा इंग्रजी पुरते, अन्य भाषा जादा चालते. ॲमेझॉन व फ्लिपकार्ट २०२१ पासून मराठीत पाहता येतात, परंतु मूळ नोंदीत मराठी वर्णन भरणे ब्रँडच्या इच्छेवर आहे.