कवडशाची भाषा

गोदामाच्या दारातून फोर्कलिफ्ट आत येते. तिच्यावर साठ-सत्तर खोक्यांची चळत आहे. चालक थांबत नाही, कुणी खोकी मोजत नाही, उघडून बघत नाही. दाराच्या दोन्ही अंगांना लावलेल्या अँटेनांमधून गाडी पुढे जाते आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत खोक्यांचे क्रमांक संगणकात चढलेले असतात. हे क्रमांक खोक्यांनीच सांगितलेले असतात, आणि सांगायला लागणारी वीज मात्र त्यांच्यापाशी नसते. आरएफआयडीबद्दल, म्हणजे रेडिओलहरींनी वस्तू ओळखण्याच्या तंत्राबद्दल, बोलताना मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. एवढी मोठी व्यवस्था ज्या युक्तीवर उभी आहे ती अगदी साधी आहे आणि फार सुंदर आहे.

खोक्यावरचा टॅग म्हणजे लेबलात दडवलेली धातूची पातळ, नागमोडी अँटेना आणि तिला जोडलेली वाळूच्या खड्याएवढी चिप. सेल नाही. दारातला रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, रेडिओलहरी सोडतो, अँटेना त्यांतली थोडी ऊर्जा झेलते आणि चिप जागी होते. तिला काही मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचे काही दशलक्षांश भाग, पुरतात. पण एवढ्याशा शक्तीवर स्वतःचा संदेश प्रक्षेपित करणं तिला जमत नाही. मग ती बोलते कशी?

आरशाने भिंतीवर कवडसा पाडायचा खेळ आठवा. उजेड सूर्याचा, आरसा तो फक्त वळवतो. आरशावर हात धरला की कवडसा विझतो, काढला की उमटतो. खुणा आधी ठरल्या असतील तर या उघडझापीतून निरोप धाडता येतो. चिप हेच करते. ती अँटेनाला जोडलेला विजेचा अडथळा झपाट्याने बदलत राहते, त्यामुळे रीडरकडे परतणारी लहर कमी-जास्त होते, आणि रीडर त्या चढउतारातून शून्य आणि एक वाचून घेतो. अभियंते हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्याची ही कल्पना १९४८ मध्ये शोधनिबंधात मांडली. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडी राजमुद्रा भेट मिळाली होती. तिच्यात सोव्हिएत संशोधक लेव थेरेमिन यांनी बनवलेलं, बॅटरीविना चालणारं, चोरून ऐकायचं यंत्र होतं. बाहेरून रेडिओलहरींचा झोत पडला की ते खोलीतलं बोलणं परतणाऱ्या लहरींवर चढवत असे. ते सापडायला १९५२ उजाडलं.

बारकोड आणि टॅग यांच्यातला खरा फरक मात्र मला लहरींपेक्षा नावात दिसतो. दुकानातला नेहमीचा बारकोड वस्तूची जात सांगतो; एकाच मालाच्या हजार पुड्यांवर तो सारखाच असतो. मालासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ९६ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एकच्या ९६ घरांच्या, टॅगमध्ये ३८ बिट निव्वळ अनुक्रमांकासाठी राखलेले असतात. म्हणजे एकाच प्रकारच्या २७,००० कोटींहून अधिक नगांना वेगवेगळी नावं देता येतात. सदोष निघालेला सुटा भाग नेमका कोणत्या नगांत बसला हे मग शोधता येतं, सगळा माल परत बोलवावा लागत नाही. मोटारीच्या कारखान्यात सांगाड्याबरोबर फिरणारा टॅग प्रत्येक टप्प्यावर सांगतो की याला कोणता रंग, कोणतं इंजिन. रंगभट्टीतून जाणारे टॅग तर २०० अंश सेल्सिअसहून अधिक ताप सोसतील असे बनवतात.

अडचणी येतात त्या निसर्गाकडून. अंतर दुप्पट झालं की टॅगपर्यंत पोचणारी शक्ती चौथाई होते आणि परतीचा कवडसा सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून बिनबॅटरीच्या टॅगची धाव साधारण काही मीटरांचीच. ८६० ते ९६० मेगाहर्ट्‌झच्या या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे द्रवाच्या बाटल्यांच्या चळतीतलं मधलं खोकं मुकं राहू शकतं. धातूला टॅग सपाट चिकटवला, तर येणारी आणि उलटणारी लहर पृष्ठभागालगत एकमेकींना खोडतात आणि टॅग उपाशी राहतो. मध्ये काही मिलिमीटरांचा थर घातला की तो पुन्हा बोलू लागतो.

वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या फळ्यांवर, टॅग लावायला सांगितलं, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात हे तंत्र सर्वांत चांगलं रुजलं ते तयार कपड्यांच्या व्यापारात. कोरडं कापड लहरींच्या वाटेत येत नाही, आणि आकार-रंगांच्या असंख्य जोड्या मोजताना माणूस हमखास चुकतो.

सगळे टॅग एकदम बोलले तर गोंगाटच होईल. त्यावर चिठ्ठ्या टाकण्याचा उपाय आहे. रीडर सांगतो, अमुक मर्यादेत मनात एक आकडा धरा. ज्याचा शून्य येतो तो बोलतो. पुढच्या पुकाऱ्याला बाकीचे आपला आकडा एकाने कमी करतात. दोघे एकदम बोलले तर त्यांची पाळी पुन्हा लागते. टकरी वाढल्या तर रीडर मर्यादा वाढवतो. या साध्या शिस्तीने सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात.

तरीही वाचलं गेलं म्हणजे दारातून गेलं, असं होत नाही. शेजारी नुसतं ठेवलेलं खोकंही साद ऐकून उत्तर देतं. म्हणून संगणक क्रमांकाबरोबर कवडशाची तीव्रताही पाहतो. दारातून जाणाऱ्या खोक्याचा कवडसा उजळत जातो आणि मग मावळतो. कोपऱ्यात पडून असलेल्याचा बराच वेळ एकसारखाच राहतो.