लष्करी तळांचा विद्युत् पुरवठा

लष्करी तळांचा विद्युत् पुरवठा : मोहिमेवर असताना उभारलेल्या तात्पुरत्या तळाला नागरी वीजजाळ्यावर न विसंबता वीज पुरविण्याची व्यवस्था. जनित्रे, संचायक घट, वितरण पेट्या व केबली ही तिची मुख्य अंगे होत. युद्धनौका, रणगाडे यांच्या अंतर्गत विद्युत् यंत्रणांचा विचार येथे केलेला नाही.

या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. क्रिमियन युद्धात (१८५३–५६) ब्रिटिश सैन्याने तारायंत्र वापरले आणि त्यासाठी लागणारे विद्युत् घट रणभूमीवर नेले. संदेशवहनाच्या अंगाने पाहणारे अभ्यासक आरंभ तेथे मानतात. तटबंदीयुद्धाच्या अभ्यासकांचा कल प्रकाशझोतांकडे असतो. पॅरिसच्या वेढ्यात (१८७०–७१) शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी प्रज्योत दीप (दोन कार्बन कांड्यांमधील विद्युत् ठिणगीने उजळणारे प्रखर दिवे) लावले गेले. बेल्जियन संशोधक झेनोब ग्राम यांचे जनित्र १८७१ मध्ये पुढे आल्यावर घटांची अवजड रास बाळगण्याची गरज उरली नाही व झोतयंत्रे गाड्यांवर चढली. मात्र या दोन्ही ठिकाणी वीज एकाच उपकरणासाठी, त्याच्या जोडीनेच निर्माण होत असे. तिला तळाचा पुरवठा म्हणणे थोडे ताणल्यासारखे होते.

तिसरे मत क्ष-किरण यंत्राशी निगडित आहे. सुदान मोहिमेत (१८९८) नाईलकाठच्या अबादिया येथील रुग्णालयात मेजर बॅटर्सबी या लष्करी वैद्याने जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी क्ष-किरण यंत्र चालविले. त्याला लागणारी वीज दोघांनी चालवायच्या सायकलीवर तयार होई. मागच्या चाकावरून चामडी पट्टा छोट्या जनित्राला जोडलेला असे व त्यातून संचायक घट भारित होत. पुरेसा दाब येईपर्यंत घट मंडलात जोडायचे नाहीत, नाहीतर प्रवाह उलटा जनित्राकडे वाहायचा. घट जोडताच पायटे एकदम जड होत आणि पुढच्या बैठकीवरच्या माणसालाही जोर लावावा लागे. निर्मिती, साठवण आणि वापर या तीन पायऱ्या येथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी सज्ज केलेल्या क्ष-किरण मोटारींत मोटारीच्याच एंजिनावर जनित्र फिरे.

दुसऱ्या महायुद्धात हाताने फिरवायच्या जनित्रांवर छोटे रेडिओ संच चालत, तर मोठ्या संचांना व रडारला पेट्रोल एंजिने लागत. पुढे डिझेल एंजिनांनी त्यांची जागा घेतली. नाटो राष्ट्रांनी १९८०–९० च्या दशकात विमाने व जमिनीवरची यंत्रे यांसाठी शक्यतो एकच केरोसीनवर्गीय इंधन वापरण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे जनित्रांसाठी वेगळे टँकर पाठविण्याची गरज कमी झाली.

तळावरची वीज सामान्यतः ५० किंवा ६० हर्ट्झची असते. काही रडार, क्षेपणास्त्र यंत्रणा व विमाने यांना मात्र ४०० हर्ट्झ लागते, कारण या कंप्रतेला रोहित्रे व चलित्रे बरीच लहान आणि हलकी होतात. ती थेट मिळवायची तर जनित्रात ध्रुव वाढवावे लागतात : मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या जनित्राला २४ ध्रुव लागतील. रणक्षेत्रातील संचांची शक्ती २–३ किलोवॉटपासून काहीशे किलोवॉटपर्यंत असते. उंचीवर ती घटते, ५,००० मी.वर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असल्याने एंजिनाला प्राणवायू कमी पडतो. टर्बोभारणाने (एंजिनात दाबाखाली जास्त हवा भरल्याने) ही तूट काही अंशी भरून निघते. खडकाळ वा कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध खूप येतो. मग एकाहून अधिक सळया ठोकून भोवती मिठाचे पाणी ओततात.

व्यवहारात सर्वांत मोठी अडचण वीज कमी पडण्याची नसून जनित्र गरजेपेक्षा मोठे असण्याची असते. प्रत्येक तुकडी आपला संच सोबत आणते आणि तो दुपारच्या कमाल भारावर बेतलेला असतो. रात्री त्यावर चार दिवे व एक रेडिओ एवढाच भार उरतो. डिझेल एंजिन क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली दीर्घकाळ चालले, की सिलिंडर पुरेसे तापत नाही, अर्धवट जळालेले इंधन निष्कासनलिकेत साचते आणि जोडांतून काळा तेलकट द्रव पाझरू लागतो. तो दिसला की यंत्रज्ञ संचावर मुद्दाम कृत्रिम भार टाकून संच तापवतात, म्हणजे आणखी इंधन जाळतात. यावर उपाय म्हणजे संच एका जाळ्यात समांतर जोडणे व भाराप्रमाणे मोजकेच चालू ठेवणे. त्यासाठी संचांचा दाब, कंप्रता, कला (विद्युत् लहरींचा ताल) आणि कलाक्रम (तीन तारांतील लहरींचा क्रम) जुळावे लागतात. अलीकडच्या संचांत हे आपोआप होते. तरीही आपले जनित्र दुसऱ्या तुकडीशी वाटून घ्यायला तुकडीप्रमुख सहसा खूश नसतात.

इंधनाचा प्रश्न इराक व अफगाणिस्तानातील युद्धांमुळे चव्हाट्यावर आला. पूर्ण भारावरही चांगला संच विजेच्या एका एककामागे (किलोवॉट-तासामागे) ०·३ लिटरच्या आसपास डिझेल पितो आणि ते टँकरच्या ताफ्यांतून, सुरुंगांच्या वाटेने आणावे लागे. इराकच्या अन्बार प्रांतातील अमेरिकी सेनापती मेजर जनरल झिल्मर यांनी २००६ मध्ये सौर व पवन उपकरणांची तातडीची मागणी केली, ती याच कारणाने. युद्धकाळात अमेरिकी भूसेनेत सर्वाधिक इंधन जनित्रेच जाळतात, असे अमेरिकी संरक्षण विज्ञान मंडळाच्या २००८ च्या अहवालात नमूद आहे. यातली बरीच वीज तंबू थंड ठेवण्यात जाई; त्यामुळे तंबूंवर फेसाचा उष्णतारोधक थर फवारणे हा सौर पट्ट्यांपेक्षा साधा, पण लगेच गुण देणारा उपाय ठरला.

अमेरिकी मरीन दलाची एक कंपनी २०१० मध्ये अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतातील सांगीन येथे घडीच्या सौर पट्ट्या घेऊन गेली. तिच्या दोन गस्ती चौक्या पूर्णपणे सौर विजेवर चालल्या, तर आणखी एका चौकीचा रोजचा इंधनखप सुमारे ७५ लिटरांवरून १० लिटरांच्या आत आला. तेथे रेडिओ, दिवे व संगणक एवढाच भार होता. वातानुकूलन, शस्त्रक्रियागृह व पाणीशुद्धी असलेल्या मोठ्या तळांवर सौर पट्ट्या व लिथियम घट जनित्राच्या जोडीला बसवितात आणि घट भारित असेपर्यंत जनित्र बंद ठेवतात.