सकाळी अकराचे घर: एनबीसीच्या ‘होम’ कार्यक्रमाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर १ मार्च १९५४ रोजी ‘होम’ हा तासाभराचा कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, बागकाम, कपडेलत्ते, घराची सजावट असे विषय त्यात सोमवार ते शुक्रवार सकाळी अकरा वाजता हाताळले जात. मात्र तो का निघाला हे समजून घ्यायचे, तर स्वयंपाकघराआधी जाहिरातींच्या हिशेबाकडे पाहावे लागते.

तोवर अमेरिकी दूरचित्रवाणीने रेडिओचीच रीत उचलली होती. साबण किंवा सिगारेट बनवणारी एखादी कंपनी कार्यक्रमाची संपूर्ण वेळ विकत घेई, तिची जाहिरातसंस्था कलावंत आणि संहिता ठरवी आणि वाहिनीकडे बहुधा केवळ प्रक्षेपण उरे. दिवसाच्या कौटुंबिक मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले तेही या साबणवाल्यांमुळेच. आपल्याकडे कार्यक्रमाआधी ‘अमुक प्रस्तुत’ अशी पाटी झळकते. तेथे त्या अमुकचाच शब्द अखेरचा असे.

एनबीसीचे वरिष्ठ अधिकारी सिल्वेस्टर ‘पॅट’ वीव्हर (अभिनेत्री सिगॉर्नी वीव्हर यांचे वडील) स्वतः जाहिरातसंस्थेत मुरलेले असल्यामुळे ही व्यवस्था त्यांना आतून ठाऊक होती. त्यांनी मासिकाचा दाखला पुढे केला. मासिकात जाहिरातदार पान विकत घेतो, पण शेजारच्या पानावर काय छापायचे हे संपादक ठरवतो. त्याच धर्तीवर वाहिनीने कार्यक्रम स्वतः तयार करावा आणि अनेक जाहिरातदारांना त्यातील मिनिटे विकावीत. जानेवारी १९५२ मध्ये सुरू झालेला ‘टुडे’, त्यानंतरचा ‘होम’ आणि सप्टेंबर १९५४ मधील रात्रीचा ‘टुनाइट’ हे तिन्ही याच विचारातून आले.

‘होम’ने तर मासिकाची उपमा शब्दशः घेतली. सूत्रधार आर्लीन फ्रान्सिस यांना ‘मुख्य संपादक’ म्हटले जाई. प्रतिस्पर्धी सीबीएसवरील रविवार रात्रीच्या ‘व्हॉट्स माय लाइन?’मुळे त्या आधीच घरोघरी परिचित होत्या. खाद्यविभाग पॉपी कॅनन यांच्याकडे होता. डबाबंद जिन्नसांतून झटपट स्वयंपाक कसा करावा, यावर त्यांचे पुस्तक आधीच निघाले होते. कुटुंब आणि मुलांविषयी मानसशास्त्रज्ञ रोझ फ्रान्झब्लाउ बोलत. कार्यक्रमासाठी सुमारे २ लाख डॉलर खर्चून गोल, फिरता रंगमंच उभारण्यात आला होता आणि वस्तूंची परीक्षा पाहण्यासाठी तेथे पाऊस आणि बर्फवृष्टीही घडवता येत असे. रेनकोट विकणाऱ्याला याहून चांगले दुकान कोठे मिळणार!

एवढा थाट पेलायचा, तर पुरेशी मिनिटे विकली जाणे भाग होते आणि दिवसाच्या वेळेतील स्पर्धा तीव्र होती. सीबीएसच्या सकाळवर लोकप्रिय सूत्रसंचालक आर्थर गॉडफ्रे यांची पकड होती. एप्रिल १९५६ पासून त्याच वाहिनीने ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही अर्ध्या तासाची मालिका आणली, जेव्हा दिवसाच्या मालिका पंधरा मिनिटांच्या असत. त्याच वर्षी वीव्हर एनबीसीतून बाहेर पडले आणि नोव्हेंबरात खुद्द एनबीसीने सकाळच्या वेळेत ‘द प्राइस इज राइट’ हा वस्तूंच्या किमती ओळखण्याचा खेळ सुरू केला. घर नीट कसे चालवावे हे सांगण्यापेक्षा घरात येऊ शकणारा शीतकपाट केवढ्याला असेल हे विचारणे स्वस्तही होते आणि रंजकही.

९ ऑगस्ट १९५७ रोजी ‘होम’ बंद झाला. त्याचे निवेदक ह्यू डाउन्स तोवर ‘टुनाइट’मध्ये दाखल झाले होते आणि १९६२ मध्ये ते ‘टुडे’चे सूत्रसंचालक झाले.