एमआरआयने किरणं लागत नाहीत

‘केमो चालू असताना एमआरआय काढला की किरणं लागून गाठ पसरते.’ मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशंटला मालवण-वेंगुर्ल्याकडे असा सल्ला आजही छातीठोकपणे मिळतो. साफ चूक. क्ष-किरण असतात सीटी स्कॅनमध्ये. एमआरआयमध्ये असतो जबरदस्त चुंबक, बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक), आणि रेडिओ लहरी. तो ठकठक आवाज यंत्रातल्या कॉइल थरथरल्याचा. त्यानेच निम्मी माणसं घाबरतात.

मग एमआरआय कशाला? गाठ स्नायूत शिरली असेल तर मूत्राशय काढण्याआधी बऱ्याचदा सिस्प्लॅटिन या औषधाची केमो देतात, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. पडतेय का, याचा अंदाज एमआरआय देतो. डिफ्युजन एमआरआयमध्ये गाठीतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजता येते. पेशी दाटीवाटीने असल्या की पाणी अडकतं, गणपतीतल्या कोकण रेल्वेच्या जनरल डब्यासारखं. केमोने पेशी मरू लागल्या की ते मोकळं फिरतं. गाठ आकाराने लहान होण्याआधीच हा फरक दिसू शकतो. अर्थात हा अंदाजच. दुर्बिणीची तपासणी आणि बायोप्सी टळत नाही.

धास्ती घ्यायचीच तर लोखंडाची घ्या. बोटीच्या वर्कशॉपात ग्राइंडर चालवताना डोळ्यात कधी कण गेला असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर टेक्निशियनला आधीच सांगा. गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा, रक्ताचा रिपोर्ट सोबत न्या. गाठीमुळे लघवी तुंबून किडनीवर ताण आलेला असू शकतो.