परराज्यात भांडी दाखवायला निघताना: संच, पेटी आणि कागद

कुडाळच्या आमच्या घाऊक दुकानातून भांडी उचलून गोवा, कारवार, शिरसी, बेळगाव या बाजूला प्रात्यक्षिके करून विकणाऱ्या ताई-दादांसाठी आणि बचत गटांसाठी हे पत्रक आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात स्टॉल असला आणि एखादे झाकण घरी राहिले, तर संध्याकाळच्या एसटीने कोणीतरी पाठवून देते. बांदा सोडून गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की ती सोय संपते आणि कागदपत्रांचा विषय सुरू होतो.

आमचे सांगणे मुख्यतः एकच आहे. दाखवायचा संच वेगळा ठेवा आणि विकायचा माल वेगळा ठेवा. पेटी वेगळी, यादी वेगळी, कागदही वेगळा. पुढचे सगळे याच एका गोष्टीला धरून लिहिले आहे.

दाखवायचा संच विकू नये

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी हटकून एक गिऱ्हाईक येते आणि तापलेल्या तव्याकडे बोट दाखवून म्हणते, "हाच द्या, थोडा कमी करून." भाडे वाचेल म्हणून देण्याचा मोह होतो. देऊ नका. वापरलेली वस्तू नवी म्हणून विकता येत नाही हे तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. चांगला मुरलेला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा तयार व्हायला महिनोन्महिने जातात. नवा तवा पुढच्या गावी लोकांसमोर टाकला की घावन चिकटणार, आणि चिकटलेले घावन पाहून तवा कोण घेणार? मुरलेला तवा हेच तुमचे भांडवल. तो घरी परत आला पाहिजे.

संचात किती वस्तू असाव्यात? कमी. स्टॉलवर चाळीस भांडी मांडून ठेवण्यापेक्षा पाच भांड्यांत खरोखर काहीतरी शिजवून दाखवणाऱ्याकडे गर्दी थांबते. आमच्या मते बिडाचा सपाट तवा, आप्पेपात्र, एक कुकर, मोदकपात्र किंवा इडलीपात्र आणि खवणी एवढे पुरते. दिवाळीच्या आधी खवणीच्या जागी सोऱ्या घ्यावा.

तिथल्या चुलीवर काय शिजते ते पाहा

भांडे तेच, पण पदार्थ त्या गावचा हवा. बिडाच्या तव्यावर आपण घावन घालतो. गोव्यात त्याच तव्यावर पोळे दाखवावेत, कारवार-कुमटा बाजूला नीर डोसा. आप्पेपात्र बेळगाव-हुबळीकडे पड्डूचे म्हणून ओळखतात. तिथे तांदूळ-उडदाच्या पिठाचे तिखट पड्डू केले की बाई लगेच जवळ येते, गोड आप्पे केले तर चव घेऊन पुढे जाते. मोदकपात्र गोव्यात फक्त मोदकांसाठी विकायला बसू नका. त्यात लहान वाट्या लावून सान्ना (गोव्याच्या इडल्या) होतात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या होतात, आणि नाताळ असो की चवथ (गणेश चतुर्थी), वाफवायचे पात्र लागतेच.

पीठ घरून भिजवून नेऊ नये. मे महिन्याच्या उकाड्यात ते टेम्पोतच आंबून वर येते. घावनासाठी तांदळाचे कोरडे पीठ न्यावे आणि पाणी-मीठ तिथे घालावे. नारळ तिथल्याच बाजारात घ्यावेत. खवणीवर गिऱ्हाइकाने आणलेला नारळ खवून दाखवता आला तर त्याहून चांगली जाहिरात नाही.

पहिले घावन लोकांसमोर घालू नका. स्टॉल उघडण्याआधी तवा मंद आचेवर तापवा, मिठाच्या पाण्याचा हबका मारून पुसून घ्या, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा आणि दोन घावने घालून बाजूला ठेवा. मग कडेकडून मध्याकडे पीठ सोडत, झाकण ठेवत तिसरे घाला. ते सुटते. इंडक्शनवर बिडाचा तवा ठेवायचा तर सुरुवातीला आच अगदी कमी ठेवावी. एकदम पूर्ण आच दिली तर मधला भाग आधी तापतो आणि बीड तडकू शकते. खोलगट काहील इंडक्शनवर चालतच नाही, सपाट बूड लागते.

वीज, गॅस, पाणी

इंडक्शनची शेगडी साधारण 2000 वॅटची असते. 230 व्होल्टला ती जवळजवळ 9 अँपिअर ओढते. प्रदर्शनात दिव्यांसाठी दिलेला 6 अँपिअरचा प्लग तिला पुरत नाही. वायर गरम होते, फ्यूज जातो आणि शेजारच्या तीन स्टॉलवरही अंधार होतो. जागा ठरवतानाच आयोजकांना 16 अँपिअरचा प्लग मागा, आणि तो लेखी मागा. सोबत जाड तारेची एक्स्टेन्शन न्या. घरात मोबाइल चार्ज करायला लावतो ती उपयोगाची नाही. एक छोटे लोहचुंबकही ठेवा. "आमच्याकडचे भांडे इंडक्शनवर चालेल का?" हा प्रश्न हमखास येतो. तळाला चुंबक घट्ट चिकटले तर चालेल. तांबे, पितळ, अॅल्युमिनियमचे साधे भांडे चालणार नाही. हे करून दाखवले की लोकांचा विश्वास बसतो.

घरचा 14.2 किलोचा सिलिंडर स्टॉलवर वापरणे नियमात बसत नाही, आणि रेल्वेत सिलिंडर रिकामा असला तरी नेता येत नाही. गॅस लागणारच असेल तर व्यावसायिक सिलिंडरची सोय त्या गावातच करावी.

पाण्याचा वीस लिटरचा कॅन सगळे नेतात. सांडपाण्याची झाकणाची बादली मात्र विसरतात. चव द्यायला प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमचे नेऊ नका. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अशा वस्तूंवर देशभर बंदी आहे. द्रोण किंवा केळीच्या पानाचे तुकडे घ्यावेत. पिशव्या कापडी किंवा कागदी असाव्यात.

पेटी कशी भरावी

जे आधी लागणार ते वर. स्टॉलवर पोहोचल्यावर पहिल्यांदा टेबलावरचे कापड, एक्स्टेन्शन, फडकी आणि दरपत्रक लागते, तवा नंतर. भरताना मात्र तवा जड म्हणून आधी तळाला जातो, आणि नेमके वर येते ते झाकण. म्हणून जड वस्तूंची पेटी वेगळी ठेवा आणि "आधी उघडा" असे लिहिलेली एक हलकी पेटी वेगळी करा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. निघताना आणि आवरताना तीच यादी.

बीड जड असते, म्हणून लोकांना ते दणकट वाटते. प्रत्यक्षात ते पडले की फुटते. टेम्पोच्या हौद्यात आडवा ठेवलेला तवा दुसऱ्या तव्यावर आपटला तर कान तुटतो. तवे उभे लावावेत, मध्ये पुठ्ठा, दांडा वर. तव्याला खोबरेल तेलाचा पातळ हात लावून तो पूर्ण पुसून काढावा. थर राहिला की चिकट होतो आणि धूळ धरतो. नंतर वर्तमानपत्रात गुंडाळावा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नये, खाऱ्या हवेतला ओलावा आत अडकतो आणि दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसतात.

आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि भातेण (भाताचा पेंढा) आपल्याकडे घरोघर असते, म्हणून भांडी त्यातच भरायची सवय आहे. मातीच्या भांड्यांना भातेण चांगले. बीड आणि लोखंडाला नको, कारण ते दमट हवेत ओलावा धरते. आंब्याच्या पेटीच्या फळ्या पातळ असतात आणि आतून खिळ्यांची टोके निघतात. नॉनस्टिकच्या थराला एक ओरखडा पुरतो. पाच थरांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. नॉनस्टिक एकात एक घालताना मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा, काचेची झाकणे उभी, विळी आणि खवणीच्या पात्याला पुठ्ठ्याचे म्यान आणि वरून दोरी.

कुकरबरोबर जादा रबर, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घ्याच. इथल्या गिऱ्हाइकाचे रबर गेले तर ते बाजारपेठेत येते, शिरसीच्या गिऱ्हाइकाने कुठे जायचे? प्रत्येक कुकरच्या खोक्यात आमचे कार्ड टाकलेले असते, ते काढू नका. कुकरवरची आयएसआय खूण आणि आयएस 2347 हा क्रमांकही दाखवा; घरगुती कुकरला ही खूण सक्तीची आहे.

कागद

इथे सावकाश वाचावे ही विनंती.

दाखवायचा संच परत येणार असतो, म्हणून तो डिलिव्हरी चलनावर, म्हणजे विक्री न होता माल नेण्याच्या कागदावर जातो. चलनाच्या तीन प्रती असतात आणि प्रत्येक वस्तू नगासह लिहिलेली असते. विकायचा माल बिलावर जातो. दोन्ही एकाच कागदावर घातले की वाटेत तपासणीला उत्तर देता येत नाही. एका खेपेच्या मालाची किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली तर ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन काढायचा परवाना) लागते. त्यात प्रदर्शनासाठी वेगळा पर्याय आहे. संचासाठी तोच निवडावा. ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरमागे एक दिवस असते, त्यामुळे टेम्पो ठरल्यावरच काढावे.

आता विक्रीचे. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून बरेच जण गोव्यातही तसेच विकायला बसतात. ते चालत नाही. दुसऱ्या राज्यात तात्पुरता स्टॉल लावून विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी त्या राज्यात 'कॅज्युअल' करदाता म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज किमान 5 दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा. नोंदणी जास्तीत जास्त 90 दिवसांची मिळते आणि आणखी 90 दिवस वाढवता येते. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या) दुकानदारांना राज्याबाहेर माल विकताच येत नाही. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात सवलत आहे, पण सावंतवाडीची लाकडी खेळणी नेणाऱ्यांना चालते म्हणून स्टीलच्या भांड्यांना चालेल असे धरू नका.

नोंदणीचा खटाटोप परवडत नसेल तर एक सरळ वाट आहे. फक्त संच घेऊन जा, प्रात्यक्षिक करा आणि ऑर्डरी घ्या. बिल आम्ही कुडाळहून गिऱ्हाइकाच्या नावे करतो, माल पार्सलने पाठवतो आणि तुमचे कमिशन तुम्हाला मिळते. पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो. माल वाहायचा नाही, उरलेला परत आणायचा नाही, आणि कोणत्या गावात काय खपते ते आधी कळते.

22 सप्टेंबर 2025 पासून स्टील, अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकाच्या झेरॉक्स कोणाकडे असतील तर त्या फाडून टाका. म्हापशासारख्या बाजारात बसायचे असेल तर नगरपालिकेचा सोपो (बाजारात बसण्याचा कर) भरून पावती जवळ ठेवा.

गाडी

रेल्वेने जायचे तर स्लीपरमध्ये 40 किलो सामान मोफत नेता येते, आणि डब्यात न्यायच्या पेटीचे माप 100 x 60 x 25 सेंटिमीटरच्या आत हवे. वातानुकूलित थ्री टायरमध्ये पेटी याहून लहान लागते. व्यापारी माल डब्यातून नेता येत नाही, तो पार्सलमध्येच बुक करावा. कुडाळ-सावंतवाडीला बहुतेक गाड्या दोन-तीन मिनिटेच थांबतात, म्हणून आमच्या मते रेल्वेने माणूस आणि संच जावा, माल टेम्पोने.

टेम्पो ठरवताना आरसी बुकात गाडीचे मालासह एकूण वजन पाहा. 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो, बरीच पिकअप बसत नाहीत. पावसाळ्यात बेळगावला आंबोलीमार्गे जायचे तर दरडींची खबर घेऊन पहाटे निघा आणि शनिवार-रविवार टाळा, धबधब्याच्या गर्दीत टेम्पो तासन्‌तास अडकतो.

केव्हा जावे

गोव्यात दोन हंगाम खरे. मे महिन्यातला पुरुमेंताचा, म्हणजे आपल्या आगोटीच्या, पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीचा. तेव्हा मोठी पातेली, डबे, बरण्या जातात. आणि चवथीच्या आधीचे दोन-तीन आठवडे. तेव्हा मोदकपात्र, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) साचे, तळणाची कढई. चवथीच्या दिवसांत तिथेही सगळे बंद असते आणि आपल्याकडे तर हाताखाली माणूसच मिळत नाही. शिरसीची मारिकांबा जत्रा एक वर्षाआड भरते. ते वर्ष आहे का ते पाहून मगच जागा धरा. आपल्याकडच्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी ठरलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर होईपर्यंत त्या सुमाराची बाहेरची कोणतीही जागा पैसे भरून अडकवू नका.

आमच्याकडून काय मिळेल

संचासाठी मापाची खोकी, पात्यांची म्याने, कुकरचे सुटे भाग, मराठी आणि कन्नड दरपत्रक, चलन आणि बिल. परत आल्यावर संच दोन दिवसांत दुकानात आणून चलनाशी मोजून घ्यावा. काही फुटले-हरवले असेल तर त्याच दिवशी नोंद करू.

माल उचलण्याआधी किमान आठ दिवस यादी कळवा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात पंधरा दिवस आधी कळवा.